टॉवरवरची आमची पेटी

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या कारखान्यात टीव्हीचा सिग्नल वाढवणारे बूस्टर बनायचे. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक लांबलचक शेड, आत टेबलांच्या दोन रांगा, आणि त्यांवर वाकून सोल्डरिंग करणाऱ्या पंचवीस-तीस बायका. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर, म्हणून मला काचेची वेगळी केबिन मिळाली होती. तिला आम्ही लॅब म्हणायचो. लॅबमध्ये एक टेबल, दोन जुने मीटर आणि एसी. बाहेरच्या बायकांना माझ्या पदवीपेक्षा त्या एसीचा जास्त हेवा वाटायचा.

बूस्टरचे दिवस संपत आले होते. लोक टीव्हीवरचं सगळं मोबाइलवर बघायला लागले होते. दर महिन्या-दोन महिन्यांनी एखादं टेबल रिकामं व्हायचं आणि त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. अशात एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे मालक. सत्तरीकडे झुकलेले, तरुणपणी रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केलेले, आणि अजूनही शर्टाच्या खिशात टेस्टर लावून फिरणारे. त्यांनी टेबलावर एक पेटी ठेवली. बुटांच्या खोक्याएवढी, ॲल्युमिनियमची, चांगली जड.

"टॉवर सगळ्यांनी बघितलाय ना?" ते म्हणाले. "मोबाइलचा. त्या टॉवरवर जो रेडिओ असतो, त्याच्या पोटात ही पेटी असते. आजवर ही परदेशातून यायची. आता आपल्याकडची एक कंपनी अख्खा रेडिओ इथेच बनवतेय आणि तिला ही पेटी इथेच बनवून हवी आहे. मी हो म्हणून आलोय."

"आपल्याला जमंल?" मागून कोणीतरी विचारलं.

"ते या मॅडमना विचारा," म्हणत साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि ते चहा प्यायला निघून गेले.

त्या पेटीला फिल्टर म्हणतात. हवेत एकाच वेळी शेकडो बोलणी चालू असतात, वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या लहरींवर. फिल्टर आपल्या वाट्याची लहर आत घेतो आणि शेजाऱ्याची दारातच थांबवतो. त्यानं हे काम नीट केलं नाही, तर आवाज तुटतो, फोन मध्येच बंद पडतो, आणि आपण "हॅलो, हॅलो" करत गॅलरीत येतो. पेटी उघडली की आत चांदीचा मुलामा दिलेले छोटे छोटे कप्पे दिसतात. प्रत्येक कप्प्याच्या भिंतीत शेजारच्या कप्प्याकडे उघडणारी खिडकी. वर झाकण, आणि झाकणातून आत उतरणारे चोवीस स्क्रू. कोणता स्क्रू किती खोल उतरतो यावर सगळं अवलंबून. हे स्क्रू माणसाच्या हातानंच फिरवावे लागतात, एकेका पेटीसाठी वेगळे, कारण दोन पेट्या कितीही सारख्या घडवल्या तरी तंतोतंत सारख्या नसतात.

हे सगळं मी कॉलेजात शिकले होते. समीकरणं पाठ होती. साहेबांनी तपासणीचं मोठं मशीन आणलं आणि त्याच्या पडद्यासमोर मी बसले. पडद्यावर दोन रेघा. एक टेबलासारखी सपाट हवी, कडेला एकदम खाली कोसळणारी. दुसरी एका लाल खुणेच्या खाली राहायला हवी. एक स्क्रू फिरवला की दोन्ही रेघा हलायच्या. दुसरा फिरवला की पहिल्यानं जमवलेलं विस्कटायचं. पहिली पेटी जुळवायला मला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी रेघा जागेवर बसल्या. मी खूश होऊन स्क्रूंवरचे नट आवळायला घेतले, आणि नट आवळताना स्क्रू केसभर हलले. सगळं पुन्हा मुळापासून.

मी पाना टेबलावर आपटला. काचेपलीकडे कोणीतरी हसलं.

त्या काकी होत्या. कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या. बूस्टरमध्ये तांब्याच्या केसासारख्या तारेची गुंडाळी असायची, ती काकी करायच्या. डोळे दुसरीकडे, तोंड शेजारणीशी गप्पा मारण्यात, आणि बोटं बिनचूक. त्यांचं माहेर उरणकडचं, वडील मिठागरात कामाला. सासरचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं आणि घर उठून करंजाड्याला आलं. मीही लग्नानंतर करंजाड्यालाच राहायचे, आमच्या इमारतींमध्ये दोन गल्ल्यांचं अंतर होतं, पण तोवर आमचं बोलणं नमस्कारापलीकडे गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या सोल्डर केलेल्या जोडण्यांचा ट्रे घेऊन लॅबमध्ये आल्या. ट्रे ठेवला, पण गेल्या नाहीत.

"काय काकी? एसीत बसायचंय?"

"मॅडम, तुमी तो कडंचा स्क्रू सारका सारका फिरवता."

"मग?"

"तो नाय. त्याच्या शेजारचा बगा. उलटा फिरवा, जरासाच."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? चार वर्षं इंजिनीअरिंग करून मी तिथे बसले होते. "काकी, हे दिसतं तितकं सोपं नसतं," मी म्हटलं.

"सोपं कुटं हाय? तीन दिस बगते ना मी काचंतून."

त्यांना घालवायचं म्हणूनच मी तो स्क्रू उलटा फिरवला. दुसरी रेघ, जी तीन दिवस माझ्याशी भांडत होती, ती सरळ लाल खुणेच्या खाली जाऊन बसली. मी काकींकडे बघितलं. त्या पडद्याकडे बघत होत्या. मी खुर्चीतून उठले आणि स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.

पहिली पेटी त्यांनी जेवणाच्या सुट्टीच्या आत जुळवली. नट आवळताना दुसऱ्या हातानं स्क्रू धरून ठेवायचा, आणि आवळताना तो जेवढा पुढे जाणार तेवढा आधीच मागे ठेवायचा, हेही त्यांनी आपणहून केलं. शेडमधल्या सगळ्या बायका काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"हे तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं.

काकी जरा लाजल्या. "आमच्या मिठागरात असंच हाय. समुद्राचं पानी पयल्या वाफ्यात घेतात, तितून दुसऱ्यात, मंग तिसऱ्यात. मदल्या बांधाला तोंड असतं. एक तोंड जास्ती उगडलं तर पुडचा वाफा भरतो नि मागला सुकतो. बाबा सांगायचा, सगले वाफे संगती बगायचे. एकाकडंच बगत बसलीस तर मीठ नाय व्हायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू एकाच स्क्रूकडं बगत बसतेस बाय."

मॅडमची बाय मी त्या वाक्यात झाले, आणि तेव्हापासून बायच राहिले.

पुढचे दोन महिने मी आयुष्यात सर्वांत जास्त शिकले. काकी स्क्रू फिरवायच्या आणि मी शेजारी वही घेऊन बसायचे. कोणत्या वळणाला रेघ कशी हलते, कधी आधी मधले कप्पे घ्यायचे, कधी कडेचे, सगळं मी लिहून काढत होते. त्यांना कारण विचारलं की त्या "तसंच असतं" म्हणायच्या. मग मी घरी जाऊन समीकरणं मांडायचे आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे की काकी, तुम्ही बरोबर होता. "मना म्हाईत हाय," त्या म्हणायच्या. सकाळ-संध्याकाळ आम्ही माझ्या स्कूटरवरून एकत्र यायला-जायला लागलो. काकींनी सोल्डरिंगच्या टेबलांवरून आणखी चार जणी निवडल्या. मी निवडीचे निकष विचारले. "जिला रांगोलीचे ठिपके मोजावे लागत नाय, ती घेतली," असं उत्तर मिळालं.

नमुन्याच्या दहा पेट्या तयार झाल्या. आमच्या मशीनवर दहाही उत्तम. आम्ही त्या पातळ कागदात गुंडाळून, खोक्यांत भरून पाठवल्या. बायकांनी खोक्यांना हळद-कुंकू लावलं. मी हसले, पण एका खोक्याला मीही लावलं.

आठवड्यानं उत्तर आलं. दहापैकी सात नापास.

त्या कंपनीकडे एक कठीण तपासणी होती, जी आमच्याकडे नव्हती. दोन मोठे आवाज एकदम पेटीतून सोडायचे. आत कुठे एखादा सांधा जरी नीट टेकलेला नसेल, तर त्या दोन आवाजांतून तिसराच एक बारीक खोटा आवाज तयार होतो, आणि तो खऱ्या बोलण्यावर बसतो. आमच्या सात पेट्यांत तो खोटा आवाज होता. साहेबांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आणखी एक संधी दिली आहे. शोधा."

आम्ही शोधलं. घाम लागून चांदी काळी पडते म्हणून बोटांना रबरी टोप्या घातल्या. एकेक स्क्रू भिंगाखाली बघितला. शेड दोनदा पुसून काढली. काही सापडेना. ज्या चार जणींना नवीन घेतलं होतं, त्या एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या. एक तर रडत म्हणाली की तिच्या हातात गुण नाही, तिला परत सोल्डरिंगला पाठवा.

पाचव्या दिवशी काकी झाकण बसवण्याच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. झाकणाला कडेनं आणि मधून मिळून चाळीस-एक छोटे स्क्रू होते, नुसते झाकण घट्ट बसवण्याचे. ते कोणत्या क्रमानं आवळायचे याचा तक्ता भिंतीवर होता. एका कोपऱ्यापासून सुरू, ओळीनं पूर्ण फेरी, मग मधले. पूर्ण ताकदीनं, एकदाच.

"ह्यो कागद कोनी लावला?" काकींनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"तू कदी गवताच्या गंजीवर ताडपत्री बांधलीस?"

"नाही."

"म्हनून." त्या इतकंच म्हणाल्या, पण हसत. "एक बाजू आदी गच्च बांधली तर दुसऱ्या बाजूला फुगा येतो, बाय. मदनं धरायची, मंग समोरासमोर, सगली ढिली ढिली. मंगच गच्च."

मी नापास पेटीचं झाकण काढलं. आतल्या भिंतींच्या माथ्यावर झाकण जिथे टेकतं तिथे चांदीवर बारीक ठसा उमटतो. तीन बाजूंना तो ठसा स्पष्ट होता. चौथ्या बाजूला, मधोमध, दोन बोटं लांबीची जागा तशीच चकचकीत होती. तिथे झाकण टेकलंच नव्हतं. माझ्या तक्त्यानं झाकणाला फुगा आला होता. पाच दिवस सगळे जिची चूक शोधत होते ती मी होते.

मी बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी होती. कुणाच्याही हाताची नाही." जी मुलगी रडली होती तिचा हात मी धरला. ती म्हणाली, "मॅडम, आता तुम्हीपण सोल्डरिंगला येणार का?" आणि शेड हसण्यानं दणाणली. साहेबांनी भिंतीवरचा तक्ता काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेननं मोठ्या अक्षरात लिहिलं: मधून सुरुवात. आधी ढिले.

दुसऱ्या दहा पेट्या पास झाल्या. दहाच्या दहा.

पण मोठी ऑर्डर देण्याआधी त्या कंपनीची एक अधिकारी कारखाना बघायला येणार होती. ती आली. मूळची नागपूरची, माझ्याच वयाची, चष्म्यातून नजर अशी की आम्ही सगळ्या आपोआप ताठ झालो. तिनं सगळं तपासलं, हवेतली आर्द्रता, कचऱ्याचे डबे, हातमोजे. मग ती काकींच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"मला शिकवा," ती म्हणाली.

काकींनी तिला स्क्रू ड्रायव्हर दिला. तासाभरानं त्या नागपूरच्या बाईंनी चष्मा काढून कपाळ पुसलं. रेघ जागेवर नव्हती. काकींनी तीन स्क्रू हलवले आणि ती आणली. बाई इतक्या मोकळेपणानं हसल्या की आमच्या ताठ पाठी सैल झाल्या.

मग त्यांनी कागद बघितले आणि त्यांचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. "यांचं शिक्षण?"

"दहावी नापास," काकींनीच सांगितलं.

"काकी, कामात मला काही खोट दिसत नाही. पण आमच्या नियमात कागद लागतो. डिप्लोमाच हवा असं नाही. इथेच प्रशिक्षण द्या, लेखी परीक्षा घ्या, प्रमाणपत्र द्या. मी येऊन पेपर तपासते."

काकींचा चेहरा पडला. संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. करंजाड्याच्या वळणावर म्हणाल्या, "बाय, स्क्रू दे कितीबी. परीक्षा नको. दहावीला गनिताच्या पेपरात माजा हात असा थरथरला ना, की पेन पन धरता आला नाय. परत गेलेच नाय मी."

मी पुस्तक लिहायला घेतलं. माझ्या वहीतल्या सगळ्या नोंदी, साध्या मराठीत, चित्रांसकट. वीस प्रश्नांची तयारी. अभ्यास स्कूटरवर व्हायचा. मी पुढून प्रश्न ओरडायचे, काकी मागून माझ्या कानात उत्तर ओरडायच्या. एकदा पनवेलच्या सिग्नलला लाल दिवा लागला आणि अचानक शांततेत काकींचा आवाज घुमला, "पयले मदले आवलायचे, मंग समोरासमोर, सगले ढिले!" शेजारच्या रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, "काय मावशी, चाक बदलताय का?" काकी इतक्या हसल्या की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. मला वाटतं त्या दिवशी त्यांची अर्धी भीती तिथेच सिग्नलला उतरली.

परीक्षेच्या दिवशी पाचही जणी ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. काकींनी दोन पेनं आणली होती, शिवाय एक पेन्सिल. नागपूरच्या बाई समोर बसल्या. मी बाहेर काचेला नाक लावून उभी होते. सुरुवातीला काकींचा हात कागदावर नुसता टेकलेला होता. मग त्यांनी हात पदराला पुसला, आणि लिहायला लागल्या. एक तास त्यांनी मान वर केली नाही. दोन पुरवण्या मागितल्या.

पेपर बाईंनी तिथेच तपासले. मध्येच त्या खो-खो हसायला लागल्या. प्रश्न होता: नट आवळताना कोणती काळजी घ्यावी? काकींनी पानभर उत्तर लिहिलं होतं आणि शेवटी एक वाक्य जोडलं होतं: मॅडमसारखा पाना आपटू नये.

काकींना वीसपैकी अठरा. पाचही जणी पास. साहेबांनी प्रमाणपत्रं स्वतः वाटली. काकींनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, परत वाचलं आणि मला म्हणाल्या, "नाव बरोबर लिवलंय." त्या संध्याकाळी त्यांच्या घरी मला जेवायला बोलावलं होतं. कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, आणि भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या जरा खाली, खिळा आधीच ठोकून ठेवलेला.

मग काम सुरू झालं. रिकामी टेबलं भरली, आणखी नवी आली. बूस्टरच्या जागी मशीनचे पडदे आले, आणि एसी सगळ्या शेडला लागला. महिन्यांमागून महिने पेट्या जात राहिल्या. कुठे जातात ते आम्हाला कळायचं नाही. रेडिओत बसतात, रेडिओ टॉवरवर चढतो, टॉवर देशात कुठेही असतो. मग एका सकाळी नागपूरच्या बाईंचा फोन आला. "तुमच्या पेट्यांचे रेडिओ तुमच्याच भागात लागताहेत. पनवेलच्या पलीकडे डोंगरात एक वाडी आहे, तिथे आजवर नेटवर्क नव्हतं. परवा टॉवर सुरू करतोय. येता का?"

साहेब पुढच्या सीटवर, काकी आणि मी मागे, अशी जीप निघाली. डांबरी रस्ता संपला, मग मातीचा, मग चढ. वाडीच्या वर माळावर टॉवर उभा होता, नवाकोरा, आणि वरच्या टोकाला तीन पांढरे रेडिओ. पट्टा बांधलेला एक माणूस वर शेवटची जोडणी करत होता. खाली सगळी वाडी जमली होती. शाळेच्या बाई भेटल्या, हसऱ्या, बोलक्या. त्यांनी आम्हाला वळणावरचा एक मोठा दगड दाखवला. त्या एका दगडावर उभं राहिलं की फोनला जेमतेम रेंज यायची. शाळेची हजेरी पाठवायला त्या रोज तिथे जायच्या. पुढे कोणी उभा असेल तर रांग लावायची. कुणाची सोयरीक त्या दगडावर ठरली होती, कुणाचा निकाल तिथे कळला होता.

वरचा माणूस खाली उतरला. कंपनीच्या इंजिनीअरनं लॅपटॉपवर काहीतरी केलं आणि म्हणाला, "बघा."

शाळेच्या बाईंच्या फोनवर आधी एक दांडी उगवली. मग दोन. मग सगळ्या. त्या ओरडल्या, "आली!" आणि माळावर एकच गलका झाला. काकींनी घाईघाईनं पिशवीतून आपला फोन काढला. त्यावर काहीच नव्हतं.

"माज्याच फोनला कशी नाय?" त्यांचा आवाज रडवेला झाला. "पेटी तर माजी!"

इंजिनीअरनं बघितलं. काकींचं सिम दुसऱ्याच कंपनीचं होतं. तो समजावून सांगत होता, साहेब हसून हसून खोकत होते, आणि मी काकींना म्हटलं, "तुमचा फिल्टर चोख काम करतोय. शेजाऱ्याला आत घेत नाही." तेव्हा कुठे त्या हसल्या.

शाळेच्या बाईंनी आपला फोन त्यांच्या हातात दिला. "पहिला फोन तुम्हीच लावा, काकी."

काकींना एकच नंबर पाठ होता, त्यांच्या मुलीचा. ती उरणजवळ द्रोणागिरीला एका गोदामात कामाला. फोन वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला. पुन्हा कट. तिसऱ्या वेळी पलीकडून इतका स्वच्छ आवाज आला की आम्हा सगळ्यांना ऐकू गेला: "मला क्रेडिट कार्ड नकोय हो! किती वेळा सांगू?"

"अगं, मी आय हाय तुजी!"

"आये? हा कुनाचा नंबर?"

"डोंगरावरून बोलते. माज्या पेटीतून बोलते. येतंय का ऐकू?"

"अगं, शेजारी बसल्यावानी येतंय."

फोन कानाला तसाच, दुसऱ्या हातानं काकींनी माझा दंड घट्ट धरला. पलीकडे मुलगी "आये, आये, हायस ना?" करत राहिली. शेवटी काकी म्हणाल्या, "हाय. जेवलीस का?"

त्यानंतर तो फोन हातोहात फिरला. एका म्हाताऱ्या आजींनी खारघरला बांधकामावर असलेल्या लेकाला फोन लावला आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "मी घरातून बोलते, दगडावरून नाय." मग त्या काकींजवळ येऊन बसल्या आणि विचारलं की, बाई, तू टॉवरवर चढलीस का? काकींनी त्यांना मातीत बोटानं कप्पे काढून सगळं समजावलं. आजी मान डोलावत ऐकत होत्या. साहेब एकटेच टॉवरच्या पायाशी उभे होते, डोळ्यांवर आडवा हात धरून, वर बघत. मी त्यांना बोलवायला गेले, तर ते म्हणाले, "थांब जरा."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात काकींनी जेवणाच्या सुट्टीत ही गोष्ट सांगितली. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत सांगितली, आणि त्यात टॉवर बराच उंच झाला होता. आठवड्याच्या शेवटी सगळ्या बायका साहेबांकडे गेल्या. आम्हालापण बघायचाय, असं म्हणाल्या. साहेबांनी एका रविवारी बस केली.

डबे घेऊन, नटूनथटून आम्ही चाळीस जणी त्या माळावर गेलो. शाळेच्या बाईंनी लेझीम बसवलं होतं, त्यात आमच्या निम्म्या शिरल्या. मग टॉवरखाली चटया पसरल्या. पाठीवर आडव्या होऊन सगळ्या वर बघत होत्या. वरच्या तीन रेडिओंत तीन पेट्या. "ती डावीकडची माझी असणार," एक म्हणाली. "हट, तुझी कशी? ती काकींची." "मधली माझी, माझं मन सांगतंय." वाद पेटला. ज्या मुलीनं कधीकाळी रडून सोल्डरिंगला परत जायचं म्हटलं होतं, ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमच्याकडे नंबर असतील ना सगळ्या पेट्यांचे? सांगा ना कोणती कोणाची."

प्रत्येक पेटीवर नंबर असतो, आणि ती पेटी कोणी जुळवली याची नोंद माझ्याच अक्षरात असते. या टॉवरवरचे नंबर नागपूरच्या बाईंनी मला कळवले होते, त्यामुळे त्या तीन पेट्या कोणाच्या हे मला माहीत होतं.

"बघावं लागेल," मी म्हणाले. "आधी डबे उघडा, भूक लागली."